रद्दीतला गुप्तहेर : रिप किर्बी आणि मराठी ‘इंद्रजाल’चे अंक

(दीर्घ धागा)

रहस्यकथेचे शेवटचे पान फाटलेले असणे ही वाचकाची शोकांतिका. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तेच पान काही सांगून जाते : अंक अनेक हातांतून फिरला, उशाखाली दडला, शाळेच्या दप्तरातून गेला, आणि अखेरीस पिनेपासून सुटला. मुंबईहून १९६४ ते १९९० या काळात निघालेल्या ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे मराठी अंक आज कुणाच्या माळ्यावरून किंवा रद्दीच्या गठ्ठ्यातून निघतात, ते बहुधा याच अवस्थेत.

या अंकांत वेताळ होता, जादूगार मँड्रेक होता, आणि चष्मा लावणारा, पाइप ओढणारा, बुद्धिबळ खेळणारा एक गुप्तहेरही होता. त्याचे नाव रिप किर्बी. तो मूळचा अमेरिकन वृत्तपत्रांतला. त्याच्या मूळ इंग्रजी चित्रपट्ट्या आता जाड, देखण्या, बांधीव खंडांत छापून आल्या आहेत. मग फाटक्या मराठी अंकांमागे कोणी का धावावे? नकलेची नक्कल कशासाठी जमवावी?

या प्रश्नाच्या उत्तरासाठी आधी ती मूळ वस्तू नेमकी काय होती, हे पाहावे लागते.

अमेरिकन वृत्तपत्रांत गुप्तहेराची चित्रपट्टी रुजवली ती चेस्टर गूल्ड यांच्या ‘डिक ट्रेसी’ने, ऑक्टोबर १९३१ मध्ये. दारूबंदीचा आणि टोळीयुद्धांचा तो काळ. पहिल्या पानावर गुन्हेगारांच्या बातम्या, आणि आतल्या पानावर त्यांचा पाठलाग करणारा करारी जबड्याचा पोलीस. हा प्रकार इतका चालला की प्रतिस्पर्धी सिंडिकेटांना आपापला गुप्तहेर हवासा झाला. सिंडिकेट म्हणजे चित्रपट्ट्या तयार करून घेऊन शेकडो वृत्तपत्रांना एकाच वेळी विकणारी संस्था. त्यांतल्या किंग फीचर्सने १९३४ च्या जानेवारीत ‘सीक्रेट एजंट एक्स-९’ काढली. लेखक डॅशिएल हॅमेट, रहस्यकथेतले त्या काळचे सर्वांत मोठे नाव. आणि चित्रकार ॲलेक्स रेमंड नावाचा चोवीस वर्षांचा तरुण. याच रेमंडने त्याच महिन्यात ‘फ्लॅश गॉर्डन’ आणि ‘जंगल जिम’ही सुरू केल्या. एका माणसाच्या हातून एका महिन्यात तीन चित्रमालिका, आणि तिन्ही गाजल्या!

दुसऱ्या महायुद्धात रेमंड अमेरिकेच्या मरीन दलात गेले. परतले तेव्हा ‘फ्लॅश गॉर्डन’ दुसऱ्या चित्रकाराच्या हाती होती. त्यांनी नवी मालिका मांडली : ४ मार्च १९४६ पासून ‘रिप किर्बी’. नायक त्यांच्यासारखाच मरीन दलातून परतलेला. तो मारामारी करू शकतो, पण आधी विचार करतो. डेस्मंड हा त्याचा घरकारभारी पूर्वायुष्यात तिजोऱ्या फोडणारा चोर होता. हनी डोरियन ही त्याची मैत्रीण. अवकाशातल्या राक्षसांऐवजी आता शहरातली घरे, क्लब, मोटारी, रात्रीचे रस्ते. रेमंड यांनी कुंचल्याने ओढलेल्या दाट काळ्या सावल्या हा या मालिकेचा प्राण होता. रविवारचे रंगीत पान तिला कधी नव्हतेच. ती सोमवार ते शनिवार, काळ्या-पांढऱ्यातच निघे. ६ सप्टेंबर १९५६ रोजी मोटार अपघातात रेमंड गेले. त्यांच्या जागी जॉन प्रेंटिस आले आणि त्यांनी ती १९९९ पर्यंत, स्वतःच्या मृत्यूपर्यंत, चालवली. त्रेपन्न वर्षे एक गुप्तहेर रोज तीन चौकटी पुढे सरकत राहिला.

‘रोज तीन चौकटी’ हे गणित लक्षात ठेवण्यासारखे आहे. दैनिक चित्रपट्टी विसरली जाण्यासाठीच जन्मलेली असते. ज्या कागदावर ती छापली जाते, त्यात संध्याकाळी कोणी काही गुंडाळतो. कालचा अंक वाचकाने टाकला असेल, हे गृहीत धरून लेखक आजच्या पहिल्या चौकटीत कालचा धागा पुन्हा सांगतो. शनिवारी कथा अशा जागी तोडायची की वाचकाने सोमवारी पेपर घ्यायलाच हवा. याचा अर्थ, सलग वाचायला ही रचना बनलेलीच नव्हती. ती पुस्तकात आणायची तर कोणीतरी कात्री हातात घ्यावी लागते.

आणि कात्री हातात घेतलेला माणूस म्हणजे संपादक. येथून ‘इंद्रजाल’ची गोष्ट सुरू होते.

टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने मार्च १९६४ मध्ये मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’चा पहिला अंक काढला. कथा वेताळाच्या कमरपट्ट्याची, किंमत ६० पैसे. पुढे ‘अमर चित्र कथा’ उभी करणारे अनंत पै तेव्हा टाइम्समध्येच होते आणि या उपक्रमाशी त्यांचा संबंध होता. पहिले ३२ अंक वेताळाचेच निघाले. मग मँड्रेक, फ्लॅश गॉर्डन, बझ सॉयर आणि रिप किर्बी आले. आणखी पुढे केरी ड्रेक, आणि ‘एक्स-९’चाच नवा अवतार असलेला फिल कॉरिगन. म्हणजे १९३४ मध्ये रेमंड यांनी रेखाटलेला गुप्तहेर, नाव आणि चित्रकार बदलून, भारतीय मुलांच्या हाती पडला. १९७६ च्या डिसेंबरात आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ या मालिकेत आला, आणि परदेशी नायकांच्या रांगेत कुर्ता घातलेला एक देशी तरुण उभा राहिला. मुखपृष्ठे रंगवणारे बी. गोविंद यांचे नाव आजही संग्राहक आदराने घेतात. ते रास्तच आहे, कारण पुष्कळदा आतल्या चित्रांपेक्षा मुखपृष्ठच सरस असे.

मासिक, मग पाक्षिक, मग साप्ताहिक अशी मालिकेची गती वाढत गेली. १९९० मध्ये ती थांबली तेव्हा क्रमांकांच्या हिशेबाने ८०५ अंक व्हायला हवे होते. प्रत्यक्षात निघाले ८०३. क्रमांक १२३ आणि १२४ संपामुळे छापलेच गेले नाहीत. नवख्या संग्राहकाला ही माहिती नसते, आणि कधीच अस्तित्वात नसलेल्या दोन अंकांचा तो वर्षानुवर्षे शोध घेत बसतो. संग्रहशास्त्रातला हा पहिला धडा फार जुना आहे : यादी आधी तपासावी, मग कपाट.

आता कात्रीकडे. समजा, किर्बीची एक कथा वृत्तपत्रात बारा आठवडे चालली. आठवड्याचे सहा दिवस, रोज तीन चौकटी : एकूण २१६. एका पानावर सहा चौकटी बसवल्या तर ३६ पाने होतात. कथा पंधरा आठवड्यांची असेल तर ४५. ‘इंद्रजाल’चा अंक तिशीच्या आसपास पानांचा, त्यांतही जाहिराती आणि सामान्यज्ञानाची सदरे. साहजिकच चौकटी गळत. कालची आठवण करून देणाऱ्या चौकटी गेल्या तर कथा उलट सुटसुटीत होते. पण जागेची ओढाताण तेवढ्यावर थांबत नाही. गुप्तहेरकथेत सुगावा एखाद्या निरुपद्रवी चौकटीत दडवलेला असतो; तीच वगळली गेली तर उलगडा आकाशातून पडल्यासारखा वाटतो. मूळ चित्रपट्टी शेजारी ठेवून ‘इंद्रजाल’चा अंक वाचणाऱ्याला हे फरक लगेच सापडतात. काही चौकटींच्या कडा कापल्या गेलेल्या, काहींच्या वाढवलेल्या. शिवाय रेमंड आणि प्रेंटिस यांनी काळ्या-पांढऱ्यासाठी योजलेल्या सावल्यांवर येथे रंग चढवलेले. शुद्धतावाद्यांना तो अपराध वाटतो. दहा वर्षांच्या वाचकाला मात्र तो अपराध वाटण्याचे कारण नव्हते. त्याने मूळ पाहिलेलेच नव्हते.

काही बदल तर निव्वळ जागेसाठी नव्हते. वेताळाच्या मूळ कथांतला देश ‘बंगाला’. हे नाव भारतीय वाचकाच्या कानाला बंगालसारखे लागते. ‘इंद्रजाल’मध्ये त्याचे ‘डेंकाली’ झाले. मूळ कथेत समुद्री चाच्यांच्या टोळीचे नाव ‘सिंग’. येथे ते ‘सिंगा’ झाले. वेताळाच्या वडिलांचा घात करणारा मूळचा ‘रामा’. येथे तो ‘रामालू’. कोणती नावे खलनायकाला द्यायची नाहीत, याची १९६० च्या दशकातली मुंबईतल्या संपादकीय टेबलावरची जाण या तीन शब्दांत गोठून राहिली आहे. अमेरिकेत छापलेले कितीही सुंदर खंड घेतले तरी हे त्यांत मिळणार नाही.

मराठी अंकांचे महत्त्व येथे दिसू लागते. चित्रे आता सुरक्षित आहेत. किंग फीचर्सकडील छपाईच्या प्रतींवरून ‘रिप किर्बी’चे ग्रंथरूप पुनर्मुद्रण २००९ पासून निघाले, ‘डिक ट्रेसी’चे तर २९ खंड झाले. पण या खंडांत मराठी शब्द नाहीत, आणि असूही शकत नाहीत.

मराठी शब्दांनी काय केले? पहिला शब्दच पाहावा : वेताळ. ‘फँटम’ला भूत, पिशाच, छाया असे काहीही म्हणता आले असते. निवडले गेले ते नाव मराठी मुलाला आधीच ठाऊक होते. ‘चांदोबा’त विक्रमाच्या खांद्यावर बसणारा वेताळ त्याने वाचला होता, कोकणात आणि घाटावर गावाच्या वेशीवरचा, रात्री फेरी मारणारा, गावाची राखण करणारा वेताळ त्याने आजीकडून ऐकला होता. जंगलात राहणारा, पिढ्यान्‌पिढ्या न मरणारा, दुष्टांना शासन करणारा बुरखाधारी त्या नावात इतका चपखल बसला की तो परका आहे हे पुष्कळांच्या ध्यानातही आले नाही. अनुवादाचे याहून मोठे यश क्वचितच सापडेल.

किर्बीला असे नाव मिळाले नाही. तो किर्बीच राहिला. पण त्याच्या बाबतीत अनुवादकापुढचा पेच अधिक बारीक होता. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. मराठीत तू, तुम्ही, आपण. डेस्मंड आपल्या मालकाशी बोलतो तेव्हा ‘आपण’ म्हणणार की ‘तुम्ही’? किर्बी उलट त्याला काय म्हणणार, आणि तो पूर्वीचा चोर आहे हे आठवून सूर बदलणार का? हनी डोरियन आणि किर्बी यांचे लग्न झालेले नाही. ती त्याला ‘तू’ म्हणाली तर १९६० च्या दशकातल्या मराठी घरात त्या एका अक्षराचा अर्थ फार मोठा होतो. पोलीस अधिकारी संशयिताला ‘अहो’ म्हणतो की ‘अरे’? प्रत्येक फुग्यात अनुवादकाला हा निर्णय घ्यावाच लागे; टाळण्याची सोयच मराठी भाषा देत नाही. म्हणून मराठी अंक म्हणजे त्या काळच्या सामाजिक शिष्टाचाराचे एक अनपेक्षित दप्तर आहे, आणि ते परदेशी पात्रांच्या तोंडी लिहिलेले असल्याने अधिकच बोलके आहे.

फुग्याचाही प्रश्न होताच. मूळ फुगा इंग्रजी अक्षरांच्या मापाने काढलेला. देवनागरीला ओळीच्या वर वेलांटी-मात्रा लागतात, खाली उकार लागतात; त्यामुळे त्याच उंचीत ओळी कमी मावतात. वाक्य छाटणे भागच. त्या तोकड्या, तुटक, क्रियापद गिळलेल्या वाक्यांतून मराठी कॉमिक्सची एक बोली तयार झाली. तिचा अभ्यास करायचा तर साधन एकच : ते अंक.

मराठीत गुप्तहेर तोवर नव्हता असे मात्र नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या हजारांहून अधिक रहस्यकथांनी झुंजार, काळा पहाड, धनंजय-छोटू ही नावे घरोघरी नेली होती. त्यांची पुस्तकेही वाचनालयातून आणून, रात्रीत संपवून, परत करायची वस्तू. त्यांचाही बराच भाग रद्दीत गेला. पण अर्नाळकर मराठीतच लिहीत होते, त्यांना चाहते आणि संशोधक मिळाले. ‘इंद्रजाल’चे मराठी अनुवादक मात्र बिनचेहऱ्याचे राहिले; ज्यांची वाक्ये मुलांनी तोंडपाठ केली, त्यांची नावे त्या मुलांना ठाऊक नव्हती.

हे अंक वाचकापर्यंत पोहोचत कसे, हा स्वतंत्र विषय आहे. गडहिंग्लजचे उदाहरण घेता येईल. हिरण्यकेशीच्या काठावरचे हे तालुक्याचे गाव. मिरची-गुळाची बाजारपेठ, फुटबॉलचे वेड, आणि रेल्वे नाही. मुंबईचा छापील कागद कोल्हापूरपर्यंत रेल्वेने आला तरी पुढचे सत्तरेक किलोमीटर त्याला रस्त्यानेच कापावे लागत. अशा गावांत नियतकालिकांचे आयुष्य बसस्थानकावरच्या पुस्तकांच्या स्टॉलशी बांधलेले असे. साप्ताहिकाचा एखादा अंक आलाच नाही, असे होई. क्रमशः चालणाऱ्या कथेचा पहिला भाग हाती आणि दुसरा कधीच नाही, हा ग्रामीण वाचकाचा ओळखीचा अनुभव.

दुसरी वाट माणसांची होती. गडहिंग्लज, आजरा, चंदगड हा पट्टा मुंबईच्या गिरण्यांना पिढ्यान्‌पिढ्या कामगार पुरवत आला. गणपतीला किंवा यात्रेला गावी येणाऱ्या चाकरमान्याच्या ट्रंकेत मुलांसाठी खाऊ असे, कपडे असत. पदपथावर निम्म्या किमतीला मिळणारा जुना अंकही त्यात सहज मावे. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला. तो लांबला, आणि अनेक कुटुंबे बिऱ्हाड गुंडाळून गावाकडे परतली. मराठी ‘इंद्रजाल’ कोठे शोधावे असे कोणी विचारले, तर शहरातल्या महागड्या लिलावांआधी या परतलेल्या ट्रंका उघडून पाहाव्यात.

आणखी एक गोष्ट या सीमाभागाचीच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर गडहिंग्लज एका राज्यात राहिले आणि शेजारचे संकेश्वर दुसऱ्या राज्यात गेले. ‘इंद्रजाल’ हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली, तमिळ यांबरोबर कन्नडमध्येही निघत असे. चित्र तेच, चौकट तीच, फुग्यातली भाषा वेगळी. दोन्ही भाषा समजणारी माणसे या पट्ट्यात घरोघरी आहेत. एकाच कथेचे मराठी आणि कन्नड अंक शेजारी ठेवून दोन अनुवादकांनी डेस्मंडला कोणत्या सुरात बोलते केले हे ताडून पाहणे, हा अभ्यास पुण्या-मुंबईपेक्षा येथे अधिक सहज होऊ शकतो. तो अजून व्हायचा आहे.

अंक नष्ट कसे झाले, हे सांगायला फार शब्द नकोत. वृत्तपत्री कागद लाकडाच्या लगद्याचा. त्यातले लिग्निन हवा-उजेडाने पिवळे पडते, आम्ल तयार होते, पान ठिसूळ होते. पिना गंजतात आणि मधली जोडपाने सर्वांत आधी सुटतात. आजरा-चंदगडकडच्या पावसात कौलारू माळ्यावरच्या कागदाला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. उरलेले वाळवी पाहते. पण या सगळ्यांहून मोठा शत्रू म्हणजे घरातले शिस्तप्रिय वडीलधारे. कॉमिक्स म्हणजे अभ्यासाचा खोळंबा, या समजुतीने जितके अंक रद्दीत गेले तितके वाळवीनेही खाल्ले नसतील. वाचनालयांनीही त्यांना ग्रंथाचा मान दिला नाही. ज्यांनी दिला, त्यांनी वीस-वीस अंक एकत्र बांधले, आणि बांधताना मुखपृष्ठे काढून टाकली किंवा कडा कापल्या. बी. गोविंद यांची चित्रे अशी बाइंडरच्या टेबलाखाली पडली.

अमेरिकेतही हेच घडले होते, फक्त मोठ्या प्रमाणावर. तेथल्या ग्रंथालयांनी वृत्तपत्रांचे मायक्रोफिल्मवर चित्रण करून मूळ बांधीव खंड टाकून द्यायला सुरुवात केली. काळ्या-पांढऱ्या फिल्मवर रंगीत रविवारची पाने मातीमोल झाली. सॅन फ्रान्सिस्कोचे बिल ब्लॅकबिअर्ड यांनी हे खंड मागून घ्यायला सुरुवात केली आणि १९६८ मध्ये आपल्या घरातच एक संस्था स्थापन केली. घर खालपासून वरपर्यंत वृत्तपत्रांनी भरले. १९९८ मध्ये हा संग्रह ओहायो स्टेट विद्यापीठाकडे गेला तेव्हा त्याचे वजन सुमारे ७५ टन भरले. न्यायला सहा मोठे ट्रक लागले. जुन्या अमेरिकन चित्रमालिकांची कितीतरी पुनर्मुद्रणे या संग्रहातल्या कात्रणांवर उभी राहिली. हा माणूस प्राध्यापक नव्हता, ग्रंथपालही नव्हता. ग्रंथपालांनी टाकलेले त्याने उचलले, एवढेच.

भारतात यासाठी कायदा आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रकाशकाने आपल्या प्रकाशनाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, चेन्नईचे कोन्नेमारा, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय आणि दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय यांना पाठवायच्या असतात. १९५६ पासून वृत्तपत्रेही त्यात आली. परंतु कायद्याने प्रत मागणे आणि साठ पैशांची चित्रपुस्तिका पन्नास वर्षांनी मांडणीवर हाताला लागणे, यांत बरेच अंतर असते. शिवाय हक्कांची गुंतागुंत : चित्रे अमेरिकन सिंडिकेटची, मराठी शब्द मुंबईच्या प्रकाशनसंस्थेने करवून घेतलेले. एकाला दुसऱ्याशिवाय ते छापता येत नाही. ‘अमर चित्र कथा’ १९६७ मध्ये सुरू झाली आणि आजही नव्याने छापली जाते, कारण शब्द आणि चित्रे एकाच घरची आहेत. एकेकाळी एकाच दुकानात शेजारी लटकणाऱ्या या दोन मालिकांपैकी एक घराघरांत बांधीव संचांत दिसते, आणि दुसरी रद्दीच्या तराजूत.

इंग्रजी आणि हिंदी अंकांच्या याद्या हौशी वाचकांनी बऱ्याच काटेकोरपणे तयार केल्या आहेत. कोणत्या क्रमांकात कोणती कथा, ती मूळ वृत्तपत्रात कधी आली, किती चौकटी वगळल्या, इथपर्यंत त्यांनी मजल मारली आहे. मराठीच्या वाट्याला इतके हात अजून आलेले नाहीत. सर्व भाषांतल्या आवृत्त्या एकाच दिवशी सुरू झाल्या नाहीत, त्यामुळे इंग्रजी यादीवरून मराठीची यादी बसल्याजागी बनवता येत नाही. ती एकेक अंक हाती घेऊनच बनते.

म्हणून कोणाच्या हाती असा अंक आला तर काही साध्या गोष्टी पाळाव्यात. मुखपृष्ठ नसले तरी अंक टाकू नये. क्रमांक, महिना आणि किंमत आतल्या पानाच्या तळाशीही सापडू शकते. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नये. तिचा डिंक काही वर्षांत तपकिरी होऊन अक्षरांसह कागद खातो. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. गंजलेली पिन हलक्या हाताने काढावी, पाने सपाट ठेवावीत, आणि प्रत्येक पानाचे नैसर्गिक उजेडात छायाचित्र घ्यावे. त्यात जाहिरातींची पानेही आली : गोळ्या-बिस्किटांच्या त्या जाहिरातींतली मराठी हेसुद्धा साधन आहे. वर कोपऱ्यात शाईने लिहिलेले मुलाचे नाव, वाचनालयाचा शिक्का, बसस्थानकावरच्या स्टॉलचा रबरी ठसा, हे खोडू नये. अंक मुंबईहून कोठवर आणि कोणत्या वाटेने गेला, हे त्याच खुणा सांगतात.

शेवटचे पान नसेल तर ते नाही अशी नोंद करावी आणि अंक ठेवून द्यावा. त्याच क्रमांकाची दुसरी प्रत, पहिले पान नसलेली, दुसऱ्या एखाद्या गावात कोणाच्या तरी ट्रंकेत असू शकते.